आडवा पाइप

वळणावर डगमगू नये म्हणून अभिनवने जुन्या एस्टीम गाडीची मागची सीट काढून छताखाली आडवा लोखंडी पाइप वेल्ड करून आणला. आमच्या पाच महिन्यांच्या आर्वीची बेबी सीट लावायला जागाच उरली नाही.

“पोरीले मांडीवर घे ना! कावून भिऊन राहिली? कितीही जोरात वळवली, तरी गाडी आता हलत नाही.”

तो प्लांटला गेला की गाडीची चारही दारं उघडून मी त्याच पाइपला लुगड्याची झोळी बांधायची. आठवडाभरात आर्वी दुसरीकडे झोपेनाशी झाली.

रविवारी रिसाली वस्तीतल्या मित्रांना गाडी दाखवायची म्हणून तो किल्ली फिरवत अंगणात आला. झोळीत आर्वीचा नुकताच डोळा लागला होता. मी ओठांवर बोट ठेवलं.


“खरं बोलले होते तुम्ही. गाडी आता हलत नाही.”