मोठ्यानं

१९७४ साली, भिवंडीतल्या एका प्रसूतिगृहात अकलोली गावाहून कालच आलेली ठकुबाई सकाळपासून अडली होती. ठाण्याची ॲम्ब्युलन्स अजून आली नव्हती. नर्स एस्तेर पोटावर नळी ठेवून बाळाचे मंदावणारे ठोके ऐकत होती.

"प्रार्थनेचं दान मिळालंय तुला, ते चर्चबाहेरही वापर," असं पाळक तिला नेहमी सांगत. पण 'पेशंटांना बाटवते' असं कुणी म्हटलं तर नोकरी जाईल, या भीतीने तिने वॉर्डात येशूचं नावही कधी काढलं नव्हतं.

ठकुबाईने तिचं मनगट घट्ट धरलं. "बाय, आज मोठ्यानं बोल."

"काय बोलू?"



"काल शेजारच्या खाटेवरची मैना अडली, तवा तुजे व्हट हालत व्हते ना, त्येच. तिचं पोर वाचलं."