आत्याचा मान

घुगऱ्यांची परात ओट्यावर तशीच ठेवून पद्मजा फोन घेऊन बाल्कनीत गेली आणि दार लोटून घेतलं. आत भावाच्या मुलाचं बारसं होतं. पाळणा सजला होता, बायका जमल्या होत्या, खोळंबा होता तो फक्त आत्याचा.

फोन दीप्तीचा होता. सोरायसिस या त्वचारोगावरचं नवं इंजेक्शन घेणाऱ्या पद्मजासारख्यांना पुढे काही त्रास होतो का, यावर लक्ष ठेवणं हे तिचं काम. दर महिन्याला तेच प्रश्न, त्याच गोड आवाजात.

"ताई, ताप वगैरे येतो का?"

"नाही."

"खोकला? वजन कमी झालंय?"

"छे गं! मस्त आहे मी," म्हणता म्हणता पद्मजाला ठसका लागला. "फोडणीचा गं, दुसरं काही नाही."

दीप्तीने तरी बजावलंच. "मागेच बोललो होतो ना आपण, या इंजेक्शनने शरीराची राखण ढिली पडते. आत दडून बसलेला टीबी उठू शकतो. तसं वाटलं तर तपासणी होईपर्यंत इंजेक्शन थांबवायचं, एवढंच. लपवू नका हं, ताई. घरात लहान मूल नाहीये ना?"

"माझ्या घरात नाही," पद्मजा म्हणाली. त्यात खोटं काही नव्हतं. हे घर भावाचं होतं.

रोज संध्याकाळी अंग तापतंय, ब्लाउज सैल होतायत, हे तिला काय कळत नव्हतं? चांगलं कळत होतं. पण थांबवायचं म्हणे, एवढंच! बोलायला काय जातंय. कितीतरी वर्षांनी तिने आखूड बाह्यांचा ब्लाउज घातला होता. खपल्या जाऊन हात चारचौघींसारखे झाले होते, आणि ते हात परत द्यायची तिची तयारी नव्हती.

"अगं आत्याबाई, या की! बाळ झोपून जाईल!" आतून हाक आली.

भावाच्या थोरल्या मुलीच्या बारशाला नाव ठेवायचा हा मान वहिनीच्या मावसबहिणीला मिळाला होता. पद्मजाला 'दमली असशील, पड जरा' म्हणत आतल्या खोलीत बसवलं होतं. हा खपल्यांचा रोग कुणाला लागत नाही, हे तिला तेव्हा ओरडून सांगावंसं वाटलं होतं. सांगितलं मात्र नव्हतं.

आज मृणालिनीवहिनीने स्वतः उठून बाळ तिच्या हातात दिलं. देताना आवाज खाली आणून म्हणाली, "मागच्या वेळी तुला लांब ठेवलं गं मी. घाबरले होते. फार चुकलं माझं. आज नाव तूच ठेवायचंस."

पद्मजाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माफी मागत होती कोण, आणि कुणाची!

मागे बायका धपाटे घालायला मुठी वळून तयारच होत्या. "सांग गं, कानात कुर्र्र कर!" पद्मजा वाकली. ओठ त्या एवढ्याशा कानापाशी गेले. 'ओजस' म्हणायचं, की झालं. आणि घसा खवखवू लागला.

पहिला धपाटा पाठीत बसला, तशी ती ताठ उभी राहिली. बाळाला तिने घाईघाईने वहिनीच्या हातात कोंबलं, तोंड फिरवलं आणि पदराचा बोळा तोंडावर दाबून खोकत राहिली.

"अगं, लागलं का? किती जोरात मारलंत तिला!" वहिनी बाळाला खांद्यावर घेऊन जवळ आली आणि मोकळा हात तिच्या पाठीवरून फिरवू लागली.

पद्मजा मागे सरत थेट बाल्कनीच्या दाराला टेकली.

"मागच्या वेळी तू उगाच घाबरलीस, वहिनी," ती पदराआडून म्हणाली. "आज घाबर."