मतासाठी गाडी

उजाडायच्या आत शहादेवने उसाची एक सरी तोडून संपवली होती. त्याची बायको केशरबाई त्याच्यामागून वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, वेगळे करून मोळ्या बांधत होती. पाचटावर दव होते, दोघांचेही हात गारठले होते. सांगलीकडच्या त्या फडातली ती रोजचीच सकाळ होती. बांधाशी मोटरसायकल येऊन थांबली, तेव्हा दोघांनी वर पाहिले.

गावच्या सोसायटीच्या चेअरमनचा पुतण्या उत्तरेश्वर रात्रभर गाडी चालवून आला होता.

"शहादेवभाऊ, कोयता ठिवा. आज सोसायटीचं मतदान हाय. तुमाला न्यायला काकांनी खास गाडी धाडली."

"मी बी येते," केशरबाई म्हणाली.

"वहिनी, तुमी सभासद न्हाई. तुमाला नेऊन काय करू?"

शहादेवने अंगावरचे पाचट झटकले आणि तो मागे बसला.

दुपारी, गावाकडच्या वाटेवर, पाटोद्यानंतर डांबर संपले. पुढे नुसती खडी होती आणि दोन्ही बाजूंना पेरणीच न झालेली राने. गाडी दगडांवरून उडत होती.

"पौषात आई गेली, तवा मी चेरमनला फोन केलता," शहादेव मागून म्हणाला. "गावी यायला गाडी मागितलती."

"काका म्हनले, एवढ्या लांब, खडीतून, गाडी जायची न्हाई."

"आज गेली की."

उत्तरेश्वर हसला. "इलेक्शन हाय, भाऊ. इलेक्शनला आजारी रेडा बी पळतो."



गाव तासाभरावर राहिले असताना एका वाडीत चाक पंक्चर झाले. दुकानदार चाक खोलत बसला. शेजारी लिंबाखाली रामकिसन नावाचा म्हातारा न्हावी पेटी उघडून बसला होता. शहादेव काही वेळ उभा राहिला. मग जाऊन त्याच्यापुढे बसला.

"दाढी का?"

"डोक्याचे समदे केस काढा. मिशी बी."

धार लावणारा हात थांबला. "कोन गेलं?"

"आई. दोन महिने झाले. तवा गावाला जाता आलं न्हाई."

पाणी वाटीभरच होते. रामकिसनने त्यात बोटे बुडवून त्याचे केस हळूहळू भिजवले.

चाक बसले. उत्तरेश्वरने किक मारली.

"भाऊ, उठा! चारला मतदान बंद होतंय. आत्ता निघालो तरच पोचू. डोकं काय, उद्या बी करता येतंय!"

अर्धे डोके उघडे झाले होते. रामकिसनने वस्तरा उचलून धरला आणि विचारले, "जायचं हाय का?"

"न्हाई," शहादेव म्हणाला. "सावकाश होऊ द्या."

त्याने मान आणखी खाली घातली.

गाडी बराच वेळ तशीच धडधडत राहिली. मग उत्तरेश्वरने ती बंद केली.