ठिपका वळला

कोरड्या कपड्यांची पिशवी मांडीवर घेऊन सुगंधा संगणकासमोर बसली आणि पडद्यावरच्या पिवळ्या ठिपक्याकडे बघत तिनं रोजचाच प्रश्न विचारला, "आज खंय पोचले ते?"

नेत्रानं ठिपका मोठा करून दाखवला. वादळात सुगंधाच्या नवऱ्याची होडी उलटली, माणूस हाती लागला नाही, तेव्हा समुद्राच्या प्रवाहांचा अभ्यास करणाऱ्या नेत्रानंच त्या जागी एक तरंगता गोळा सोडला होता. तो कुठं वाहत जातोय हे उपग्रहावरून कळायचं. "पाणी गोळ्याला नेईल तिकडंच माणसालाही नेईल," असं ती बोलून गेली होती. शोध केव्हाच थांबला. सुगंधा मात्र येतच राहिली.

आज ठिपका प्रवाहाविरुद्ध, सरळ बंदराकडे येत होता.

"वळले! घराकडे वळले!" सुगंधा पिशवी छातीशी धरून धक्क्याकडे धावली. नेत्राला कळून चुकलं. कुणीतरी गोळा उचलून ट्रॉलरवर घेतला होता. मच्छीमार असे गोळे नेहमीच उचलायचे. हाका मारत तीही मागोमाग पळाली.

ट्रॉलर धक्क्याला लागला. खलाशांच्या म्होरक्यानं, तांडेलानं, शेवाळलेला गोळा पुढं केला. "मॅडम, तुमचोच मां ह्यो?"

सुगंधानंच तो घेतला. उतरणाऱ्या एकेका खलाशाचं तोंड तिनं निरखून पाहिलं. शेवटचा उतरला, तेव्हा तिनं गोळा परत तांडेलाच्या हातात दिला.

"होतो थंयच नेवन सोडा ह्याका. दर्यात ते आता एकटेच पडले."