विजेशिवाय उत्पादन

तपासणीला आलेले साहेब शेडमध्ये शिरले तेव्हा लेथ फिरत होता, आणि तो रोजच फिरतो असा चेहरा करून किशोर पगारे शेजारी उभा होता.

सातपूरचा हा प्लॉट सरकारचा. आज उत्पादन दिसलं नाही, तर तो परत जाणार होता. वीज मागायला गेलं की वीजवाले म्हणायचे, आधी कारखाना चालू असल्याचा दाखला आणा. दाखलावाले म्हणायचे, आधी कारखाना चालू करा. लायसन्सराज संपल्याचं पेपरात छापून येऊन दोन वर्षं झाली होती, पण सातपूरला तसं अधिकृत पत्र आलेलं नसावं. चांगली नोकरी सोडून धंद्यात उडी घेतलेल्या किशोरची मात्र झोप उडाली होती.

"छान," साहेब म्हणाले. ताजा कातलेला नट त्यांनी उलटसुलट करून पाहिला. मग सगळ्या भिंती न्याहाळल्या. "मीटर कुठंय?"

"मीटर नाही ना साहेब. त्यासाठीच तर तुमचा दाखला हवाय."

"मीटर नाही आणि मशीन फिरतंय. पगारे, ही वीजचोरी झाली."

चोर ठरण्यापेक्षा हसं झालेलं परवडलं, असा विचार करून किशोरने लेथमागची ताडपत्री बाजूला सारली. तिथे त्याचा मेहुणा झुंबर स्टँडवर लावलेल्या सायकलवर बसून पायडल मारत होता. मागच्या चाकाचा टायर काढून रिमवरून पट्टा थेट लेथला नेलेला. झुंबरचं बनियन पिळलं असतं तर बादली भरली असती.

साहेबांनी सायकलभोवती एक फेरी मारली. माणूस वाईट नव्हता. नियमाबाहेरचं त्यांना दिसत नसे, एवढंच.

"म्हणजे तुम्हाला वीज लागतच नाही," ते खुशीत म्हणाले. "मग हा हस्तोद्योग झाला. आधीच सांगायचं ना. प्लॉट तुमच्याकडेच राहील, वर अनुदानही मिळेल. अट एकच. पाच वर्षं वीज वापरायची नाही."

किशोरने एकदा लेथकडे पाहिलं, एकदा साहेबांकडे. प्लॉट वाचला होता.

"अर्ज कुठं करायचा, साहेब?" त्याने विचारलं.

पायडलचा आवाज थांबला.

"दाजी," झुंबर घाम पुसत म्हणाला, "म्या घरी सांगून आलोय, सांजच्या गाडीनं देवळ्याला माघारी येतो म्हणून."