शेणसडा

पार्वताबाईनं सकाळी कडी काढली, तेव्हा अंगणात ओला शेणसडा पडला होता, उंबऱ्यापासून दीड हातावर थांबलेला. टेकडीवरच्या वस्तीतली बाकी दहा घरं कुलूपबंद होती. शेवटची गाय दिवाळीतच पार्वताबाईच्या मुलाबरोबर, अनुपबरोबर, तुमसरला गेली. तेव्हापासून ती नुसतं पाणी शिंपडायची.

दहा दिवस एकेका बंद दारापुढं सडा पडत होता, रोज एक घर जवळ.

दुपारी ग्रामपंचायतीची दीपमाला गावाची माहिती लिहायला चढून आली. "काकू, अनुप तिकडं वाट पाहून राहिला. कधी जाता? वस्ती उठली म्हणून लिहू का?"

वर्षभर टाळलेला प्रश्न. पार्वताबाईनं अंगणाकडं पाहिलं. सडा अजून वाळला नव्हता.

"मी नाही जात, माय," ती म्हणाली. "लिव, माणसं दोन."