तिने घातलेलं वाक्य

घरांच्या ड्रेनेजची कामं तो घ्यायचा, पण त्यांची प्रपोजल्स तीच लिहायची. बाळ मांडीवर पेंगलं की एका हाताने. "तू लिहिलंस की गटारसुद्धा वाचावंसं वाटतं," तो चिडवायचा.

या वेळी अख्ख्या सोसायटीचं काम होतं आणि ते हातचं जाऊन चालणार नव्हतं. दर आणखी उतरवायला जागा नव्हती, म्हणून तिने शेवटी एक वाक्य घातलं: ‘आमचा एकही कामगार चेंबरमध्ये उतरणार नाही, सगळं काम मशीनने होईल.’

"त्या एका वाक्यावर तुम्हाला काम दिलं बरं का," सेक्रेटरीबाई फोनवर म्हणाल्या. ती बाळाला कडेवर घेऊन घरभर नाचली.

काम सुरू झालं त्याच आठवड्यात, भर दुपारी मुकादमाचा फोन आला.

"वहिनी, दादांना हॉस्पिटलमध्ये नेतोय, लगेच या. श्वास चालू आहे, पण डोळे उघडत नाहीयेत. मशीन मध्येच बंद पडलं हो. मी उतरतो म्हटलं, तर माझ्यावरच ओरडले. म्हणाले, तुमच्या वहिनीने लिहून दिलंय, कामगार उतरणार नाही म्हणजे नाही…"




"…आणि स्वतःच उतरले."